सोललेलें झाड : हरणांनीं साल काढिल्यास वृक्षाच्या वाढीचें काय होतें

योएल संदेष्ट्यानें टोळधाडीचें वर्णन करितांना एक बारीक गोष्ट नमूद केली आहे. त्याच्या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायाच्या सातव्या वचनांत द्राक्षवेलाचा व अंजिराच्या झाडाचा नाश सांगतांना तो नुसता पानांचा उल्लेख करून थांबत नाहीं. साल सोलली गेल्याचें व फांद्या पांढऱ्या पडल्याचें तो मुद्दाम सांगतो. ज्यांस शेतीची माहिती आहे त्यांस यांतील दुःख सहज कळेल. पानें खाल्लीं गेलीं तर तीं पुन्हां फुटतात. एका वर्षाचें फळ गेलें तर दुसऱ्या वर्षीं येतें. परंतु साल गेली म्हणजे झाडाचा जीवच उघडा पडतो.

आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबें रानाच्या कडेस राहतात. कोणी वनखात्याच्या रोपवनांत मजुरी करितात, कोणी ग्रामसभेच्या राखीव रानाची राखण करितात, कोणी आपल्या बांधावर साग लावून मुलींच्या लग्नाची तरतूद करितात. अशा ठिकाणीं एखाद्या सकाळीं हातभर जाडीचें रोप सोललेलें आढळलें म्हणजे दोन तऱ्हेचे उद्गार ऐकूं येतात. एक म्हणतो, "हरणांनीं सत्यानाश केला, एकेकाला फासांत धरलें पाहिजे." दुसरा म्हणतो, "त्यांत काय झालें? साल पुन्हां येईल." हे दोन्ही उद्गार अपुऱ्या माहितीचे आहेत, आणि गांवांत अशा वेळीं सल्ला विचारावयास लोक बहुधा उपदेशकाकडे किंवा शाळामास्तरांकडे येतात, म्हणून हा विषय नीट समजून घेणें त्यांस अगत्याचें आहे.

प्रथम साल म्हणजे काय तें पाहूं. कापलेल्या झाडाच्या खोडाचा आडवा छेद घेतला तर बाहेरून आंत जातांना चार पदर ओळखतां येतात. सर्वांत बाहेर खरखरीत व मृत अशी बाह्यसाल असते. ती झाडाचें घोंगडें होय. ऊन, वणवा, किडे व बुरशी यांपासून ती त्याचें रक्षण करिते, आणि आंतील ओलावा सुकूं देत नाहीं. तिच्या आंत मऊ व ओलसर अशी अंतर्साल असते. पानें सूर्यप्रकाशाच्या साह्यानें जें अन्न तयार करितात तें साखरेच्या रूपानें याच पदरांतील रसवाहिन्यांतून खालीं मुळांकडे जातें. अंतर्सालीच्या आंतला तिसरा पदर इतका पातळ आहे कीं तो नुसत्या डोळ्यांस वेगळा दिसत नाहीं. पावसाळ्यांत ओली फांदी सोलतांना बोटांस जो बुळबुळीतपणा लागतो, तेथें तो असतो. शास्त्रांत त्यास ऊतककर म्हणतात. झाडाचा बुंधा जाड होतो तो केवळ या एका पदरामुळें. तो आंतल्या अंगास नवें लांकूड व बाहेरच्या अंगास नवी अंतर्साल घालीत असतो. चवथा पदर लांकडाचा. त्याचा बाहेरचा फिकट भाग मुळांनीं शोषलेलें पाणी वर पानांपर्यंत पोंचवितो. मधला गडद भाग, ज्यास आपले सुतार नार किंवा गाभा म्हणतात, तो पाणी वाहण्याच्या कामीं येत नाहीं, झाडास आधार मात्र देतो.

म्हणजे झाडाच्या अंगांत वाट दुहेरी आहे. पाणी लांकडांतून वर चढतें, आणि अन्न सालींतून खालीं उतरतें. ही एक गोष्ट ध्यानांत धरिली म्हणजे पुढील सर्व गोष्टी आपोआप उलगडतात.

याचा पुरावा शोधण्यासाठीं प्रयोगशाळेंत जाण्याचें कारण नाहीं. डाळिंबाची किंवा पेरूची गुटी बांधणाऱ्या माळ्यास विचारा. तो फांदीवरची बोटभर रुंद साल गोल कापून काढितो, तेथें ओलें शेवाळ बांधितो, आणि कांहीं आठवड्यांनीं तेथें मुळें फुटतात. मुळें कापाच्या कोणत्या कांठाला येतात? नेहमीं वरच्या कांठाला. वरून उतरणारें अन्न तेथें येऊन अडतें, सांचतें, आणि त्यांतून नवीं मुळें निघतात. खालचा कांठ कोरडाच राहतो. इटलीचा वैद्य मार्चेल्लो माल्पीगी यानें सतराव्या शतकांत हेंच पाहिलें. त्यानें झाडांच्या खोडावरील सालीचें कडें काढून टाकिलें, तों कापाच्या वरची बाजू फुगलेली त्यास आढळली. लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्याचा वनस्पतींच्या रचनेवरील ग्रंथ १६७५ व १६७९ या वर्षीं दोन भागांत छापिला. पाण्याच्या वाटेचा शोध पुढें नेणारा पुरुष तर एक पाळकच होता. रेव्हरंड स्टीव्हन हेल्स हे १७०९ पासून १७६१ सालीं मरण पावेपर्यंत इंग्लंडांतील टेडिंग्टन गांवच्या मंडळीची सेवा करीत होते, आणि त्याच वेळीं कुंडींतील सूर्यफुलाचें झाड सकाळ-संध्याकाळ तोलून, तें दिवसांत किती पाणी पानांवाटे बाहेर टाकितें हें मोजीत होते. त्यांचा ग्रंथ १७२७ सालीं प्रसिद्ध झाला. देवाच्या हातचें काम तराजूंत घालून पाहण्यांत त्यांस कांहीं अभक्ति वाटली नाहीं, हें आपल्या तरुणांनीं जाणून असावें.

आतां सालीचें पूर्ण कडें निघालें तर काय होतें? पाण्याची वाट लांकडांतून असल्यामुळें तीं पानें लगेच सुकत नाहींत. पाहणारास वाटतें कीं झाडास कांहीं झालें नाहीं. उलट अन्न खालीं उतरावयाचें थांबल्यामुळें वरच्या भागांत तें अधिक राहतें, आणि फळ कांहीं काळ चांगलें पोसतें. नाशिककडील द्राक्षबागाईतदार याच गुणाचा उपयोग करून घेतात. मणी धरल्यावर ते वेलाच्या खोडावर फार अरुंद असें सालीचें कडें काढितात, म्हणजे मणी मोठे होतात. पण तें कडें इतकें अरुंद असतें कीं थोड्या आठवड्यांत तें भरून येऊन वाट पुन्हां सुरू होते. हरणानें किंवा मनुष्यानें हातभर सोललेलें कडें भरून येत नाहीं. मुळांपाशीं जो अन्नाचा सांठा असतो त्यावर तीं कांहीं महिने, केव्हां एक-दोन वर्षें दिवस काढितात. मग उपासमारीनें मरतात, आणि मुळें मेल्यावर पाणी वर चढावयाचें थांबून वरचें झाडही वाळतें. जखम एका उन्हाळ्याची आणि मरण दोन वर्षांनंतरचें. म्हणून अपराधी कोण हें पुष्कळदां कोणाच्या ध्यानांतच येत नाहीं.

ब्रह्मदेशांत सागाचें झाड तोडण्यापूर्वीं दोन-तीन वर्षें त्याच्या बुंध्याभोंवतीं खोल खांच पाडून तें उभेंच वाळविण्याची जुनी रीत होती. कारण ओलें सागवान नदींत तरंगत नाहीं, वाळलेलें तरंगतें. परंतु ते लोक नुसती साल काढीत नसत. बाहेरचें फिकट लांकूडही गाभ्यापर्यंत कापीत, म्हणजे पाण्याची वाटही बंद होई व झाड लवकर वाळे. नुसती साल काढली तर झाड रेंगाळत मरतें, हें त्यांस ठाऊक होतें.

आतां हरणाकडे वळूं. येथें एक खुलासा करून ठेवितों. काळवीट व नीलगाय यांस लोक हरणांत गणतात, पण त्यांचीं शिंगें जन्मभर कायम असतात. सांबर, चितळ व भेकर हीं खरीं हरणें. यांच्या नराचीं शिंगें गळून पडतात व पुन्हां नवीं येतात. सालीच्या नुकसानीशीं या शिंगांचा निकट संबंध आहे. नवें शिंग वाढत असतां त्यावर मखमलीसारखें केसाळ कातडें असतें, आणि त्यांतून रक्त वाहत असतें. शिंग पुरें झालें म्हणजे तें कातडें वाळतें, आणि नर तें झाडावर घांसून काढितो. पुढें माजाच्या दिवसांतही तो आपली सत्ता जाहीर करण्याकरितां शिंगें घांशीत राहतो, व चेहऱ्यावरील ग्रंथींचा वास तेथें ठेवितो. यासाठीं त्यास म्हातारा वड नको असतो. मनगटाएवढें, लवचीक, दाबल्यास मागें झुकून पुन्हां उभें राहणारें रोप त्यास आवडतें. लागवड करणाराच्या दुर्दैवानें त्याच्या तीन-चार वर्षांच्या रांगा नेमक्या याच मापाच्या असतात.

दुसरें नुकसान दांतांचें. हरणास वरच्या जबड्यांत पुढचे दांत नसतात. तेथें कठीण हिरडीची गादी असते. तें खालचे दांत सालींत रोंवून वरच्या गादीशीं चिमटा धरितें आणि मान वर ओढितें. झाडांत रस भरलेला असेल तर साल लांब पट्टीनें वरपर्यंत सुटत जाते. थंड देशांत हिंवाळ्यांत साल लांकडास घट्ट चिकटलेली असते, म्हणून तेव्हां पट्टी निघत नाहीं. दांतांनीं खरवडल्याच्या उभ्या खांचा मात्र दिसतात. यावरून जखम कोणत्या ऋतूंतील हें जाणते वनरक्षक सांगूं शकतात.

तें साल कां खातें? भूक हें उघड कारण आहे. उन्हाळ्यांत गवत करपलें म्हणजे ओलसर अंतर्साल हेंच मिळण्यासारखें अन्न उरतें. परंतु पोटभर चारा असतांही कधीं कधीं तीं साल सोलतात. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटास तंतुमय पदार्थ लागतात, क्षार लागतात. शिवाय माणसांच्या वर्दळीमुळें उघड्यावर चरावयास भीति वाटली म्हणजे तीं दिवसभर दाट झाडींत कोंडल्यासारखीं राहतात आणि समोर असेल तें चावतात. एकच कारण धरून बसणें बरोबर नव्हे. मला स्वतःस या शेवटल्या कारणाचें महत्त्व पुष्कळ वाटतें, कारण आपण ज्यास "हरणाचा उपद्रव" म्हणतों त्यांत आपलाही वांटा असतो, हें त्यावरून दिसतें.

दोष देण्याआधीं कोणी सोललें हें ओळखतां आलें पाहिजे. शिंगानें घांसलेलें असेल तर साल चिंध्यांसारखी लोंबते, दांतांची खूण नसते, व बाजूच्या लहान फांद्या मोडलेल्या असतात. चितळाचें काम बहुधा गुडघ्यापासून कमरेपर्यंत, सांबराचें त्याहून वर. अगदीं बुडाशीं, जमिनीपासून हातभर उंचीच्या आंत, सुबक कुरतडल्यासारखी साल गेली असेल व लांकडावर रुंद दांतांचे आडवे-तिरपे ठसे असतील, तर तें साळिंदराचें काम समजावें. मोठ्या सागाची साल उन्हाळ्यांत भरपूर ओरबाडलेली असेल तर गवा. मध्य भारतांतील सागवनांत गवे उन्हाळीं सागाची साल खातात हें चांगलें माहीत आहे. आणि शेळी? तिलाही वरचे पुढचे दांत नाहींत, तिचीही खूण हरणासारखीच उमटते. पायांचे ठसे व लेंड्या पाहिल्याखेरीज हरणावर आळ घेणें न्याय्य नाहीं. गांवाशेजारच्या रोपवनांत असा शोध केल्यास चोर आपल्याच दावणीचा निघण्याचा संभव पुष्कळ आहे.

साल सर्व बाजूंनीं न जातां एका बाजूची गेली, तर झाड सहसा मरत नाहीं. मग वाढीवर काय परिणाम होतो? समजा, एका झाडाचा घेर ६० सेंटिमीटर आहे आणि त्यावर २० सेंटिमीटर रुंदीची जखम झाली. अन्न उतरण्याची तिसरा हिस्सा वाट बंद झाली, दोन हिस्से उरली. झाड उरलेल्या वाटेनें काम भागवितें, आणि उंचींत पहिल्या एक-दोन वर्षांत फारसा फरक दिसतही नाहीं. मात्र जखमेच्या जागीं ऊतककर वाळून गेलेला असतो, म्हणून तेथें नवें लांकूड बसत नाहीं. दोन्ही कांठांवरून मांसल ओठांसारखी नवी वाढ आंत सरकूं लागते. प्रत्येक कांठ वर्षास एक सेंटिमीटर सरकला असें धरिलें, तर २० सेंटिमीटरची जखम बुजावयास दहा वर्षें लागतात. जोमदार झाड लवकर बुजवितें, सांवलींतलें किंवा दुष्काळांतलें उशिरां. तोंवर उघडें लांकूड पाऊस, ऊन व बुरशी यांच्या हवालीं असतें.

येथें एक सर्वसाधारण समजूत दुरुस्त करावयास पाहिजे. माणसाची जखम भरते तेव्हां मेलेल्या मांसाच्या जागीं नवें मांस येतें. झाडाचें तसें नाहीं. अमेरिकेच्या वनखात्यांतील ॲलेक्स शायगो नांवाच्या शास्त्रज्ञानें हजारों झाडें उभीं चिरून पाहिलीं, आणि १९७० नंतरच्या दशकांत असें दाखवून दिलें कीं, झाड जखमी लांकूड कधींच दुरुस्त करीत नाहीं. तें त्याच्याभोंवतीं भिंती घालितें. वर-खालीं, आंत व बाजूंस अशा अडथळ्यांनीं तो भाग कोंडून टाकून तें त्याच्या बाहेर नवें लांकूड वाढवितें. जखमेनंतर जें नवें लांकूड बसतें त्याच्या व जुन्या लांकडाच्या मधली भिंत सर्वांत बळकट असते. म्हणून बाहेरून गुळगुळीत दिसणाऱ्या झाडाच्या पोटांत वीस वर्षांपूर्वींची सोललेली जागा जशीच्या तशी आढळते. करवतीखालीं ती निघाली म्हणजे सुतार कपाळाला हात लावतो.

शिवाय जखम झाडाबरोबर वर जात नाहीं. झाड उंच वाढतें तें शेंड्यानें. बुंध्यावर कमरेइतक्या उंचीवर ठोकलेला खिळा पन्नास वर्षांनींही कमरेइतक्याच उंचीवर असतो. हरणाचें तोंड पोंचतें तो भाग म्हणजे झाडाचा सर्वांत जाड, सरळ व मोलाचा ओंडका. नुकसान नेमकें तेथेंच होतें.

मध्य युरोपांत याचा मोठा अनुभव आहे. जर्मनी व ऑस्ट्रिया या देशांत स्प्रूस नांवाच्या सूचिपर्णी वृक्षाचीं विस्तीर्ण लागवडीचीं वनें आहेत, आणि तेथील तांबडें हरिण त्यांची साल सोलतें. स्प्रूसची साल पातळ, जखम ओली. तींतून एक बुरशी आंत शिरते. ती लागल्यावर ताजी जागा चोळली असतां रक्तासारखी तांबडी होते, म्हणून तिच्या शास्त्रीय नांवांतही रक्ताचा उल्लेख आहे. ती लांकडांतून वर वर चढत जाते. झाड मात्र हिरवेंगार उभें असतें. पुढें एखाद्या बर्फाच्या किंवा वादळाच्या रात्रीं तें जुन्या जखमेपाशींच मोडतें. म्हणून तेथील वनाधिकारी वाढ किती घटली यापेक्षां कुजलेला ओंडका व मोडणारीं झाडें यांचाच तोटा अधिक मानितात. सर्व जातींस सारखाच अपाय होतो असें मात्र नाहीं. स्कॉटलंडांत लावलेल्या सिटका जातीच्या स्प्रूसची जखम बहुधा लवकर बुजते व ती कमी कुजते.

जपानांत गोष्ट याहून पुढें गेली. नारा व मिए या प्रांतांच्या सीमेवर ओदाइगाहारा नांवाचें पठार आहे. त्याचें सर्वोच्च शिखर १,६९५ मीटर उंच आहे. अतिशय पावसाची ती जागा. जमिनीवर शेवाळाचा गालिचा आणि वर स्प्रूस व फर यांची दाट छाया. १९५९ च्या सप्टेंबरांत इसे उपसागराचें प्रसिद्ध वादळ आलें आणि तेथील पुष्कळ मोठीं झाडें उन्मळून पडलीं. छत फाटल्यामुळें ऊन जमिनीवर आलें, शेवाळ वाळलें, आणि त्या जागीं बुटक्या बांबूसारखें गवत पसरलें. तें सिका जातीच्या हरणास उत्तम चारा, हरणें वाढलीं. वाढलेल्या हरणांनीं उरलेल्या झाडांची साल सोलली, आणि खालीं उगवणारीं रोपें खाऊन टाकिलीं. झाडें वाळलीं, आणखी ऊन आलें, आणखी गवत वाढलें. असें हें रहाट फिरूं लागलें, आणि घनदाट अरण्याच्या जागीं पांढऱ्या वाळक्या खोडांचें माळरान झालें. पुढें सरकारास खोडांभोंवतीं जाळ्या गुंडाळाव्या लागल्या व कुंपणें घालावीं लागलीं. हरणांस आळा घालणारा लांडगा तेथें उरला नव्हता. जपानांतील शेवटला नोंदलेला लांडगा १९०५ सालीं याच नारा प्रांतांत मिळाला होता.

आपलें सांबरही परदेशीं गेलें आहे. १८६० च्या दशकांत ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया वसाहतींत हौशी लोकांनीं शिकारीसाठीं तें आणून सोडलें. तेथें ना वाघ ना रानकुत्रे. डोंगरी रानांत तें अफाट वाढलें. तेथें नेमाटोलेपिस नांवाच्या वर्गांतील एक अतिशय दुर्मिळ झाड आहे. त्याचीं सडपातळ खोडें सांबराच्या शिंगास नेमकीं सोयीचीं पडलीं. सांबर तीं घांसून चौफेर सोलतें आणि झाड मरतें. एका जनावराच्या शिंगांमुळें झाडाची जातच पृथ्वीवरून नाहींशी होण्याची वेळ आली. तेव्हां २००७ सालीं त्या प्रांताच्या कायद्यानें सांबरास वनसंपत्तीवरील धोका म्हणून नोंदविलें.

मग हेंच सांबर मेळघाटांत, ताडोब्यांत, सह्याद्रींत हजारों वर्षें राहत असतां येथील रान कां उजाड झालें नाहीं? एक कारण असें कीं येथें वाघ, बिबळ्या व रानकुत्रे आहेत. ते हरणांची संख्या आटोक्यांत ठेवितात, इतकेंच नव्हे तर त्यांस एका जागीं फार वेळ थांबूं देत नाहींत. दुसरें कारण झाडांत आहे. साग, पळस अशीं आपल्या पानझडी रानांतील पुष्कळ झाडें बुडापासून पुन्हां फुटतात. वरचें खोड मेलें तरी मूळ जिवंत असल्यास नवा धुमारा येतो. तिसरें, येथील रानांत एकाच जातीच्या रांगा नसतात. वाघांटी, करवंद, बांबू, गवत, मोह सर्व मिसळलेलें असतें, म्हणून एकाच जातीवर सर्व भार पडत नाहीं. जेथें हा मेळ आपण मोडतों, वाघ मारितों व मिश्र रान काढून एकाच जातीचीं रोपें रांगेनें लावितों, तेथेंच हरिण उपद्रवी ठरतें. अंदमान बेटांत विसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्रजांनीं चितळ नेऊन सोडले. तेथें त्यांस मारणारें जनावर नाहीं, आणि तेथील रानाची नवी रोपें ते वाढूं देत नाहींत. दोष चितळाचा नव्हे. ज्यानें त्यास नेलें त्याचा आहे.

फांस लावूं पाहणाऱ्या बंधूंस स्पष्ट सांगावें कीं, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें सांबर व चितळ मारणें गुन्हा आहे, आणि त्या फांसांत पुष्कळदां भलतेंच जनावर किंवा शेजाऱ्याचें वासरूं सांपडतें. आणि झाडांच्या सालीचा सर्वांत मोठा वैरी कोण, हाही प्रश्न सरळ मनानें विचारावा. अर्जुनसादड्याची साल औषधासाठीं, बाभळीची साल कातडें कमावण्यासाठीं माणूसच काढितो. ती एका बाजूनें, उभ्या पट्टीनें, बेतानें काढिली तर झाड जगतें. परंतु घाईनें चौफेर ओरबाडली तर पुढच्या वर्षीं ना साल ना झाड. त्याहून वाईट म्हणजे रानाचा तुकडा नांगराखालीं घेण्यासाठीं रात्रीं झाडांस कडीं पाडून ठेवणें. झाड दोन वर्षांनीं वाळतें, आणि तोपर्यंत कोणास कांहीं आठवत नाहीं. नगरास वेढा घालतांना देखील फळझाडांवर कुऱ्हाड घालूं नये, असा नियम मोशेच्या शास्त्रांत, अनुवादाच्या विसाव्या अध्यायांत आहे. शत्रूच्या मुलखांतील झाडांविषयीं जर अशी आज्ञा, तर आपल्याच गांवच्या झाडांविषयीं काय म्हणावें? २००६ च्या कायद्यान्वयें पुष्कळ ग्रामसभांस सामूहिक वनहक्क मिळाले आहेत. गडचिरोलींतील मेंढा-लेखा गांवास ते २००९ सालींच मिळाले. अशा गांवांत प्रत्येक सोललेलें झाड हें सरकारचें नुकसान नसून आपल्याच नातवंडांच्या ताटांतला घांस आहे.

उपाय काय करावे? रोपें लहान असतां काटेरी फांद्यांचें कुंपण हें अजूनही सर्वांत स्वस्त व खात्रीचें साधन आहे. एकटें झाड असेल तर बांबूच्या कामट्यांचा पिंजरा पुरे. तो इतका सैल असावा कीं खोड वाढल्यावर काचूं नये. तार मात्र बुंध्यास आवळून बांधूं नये, कारण आंत रुतल्यावर तीच कड्याचें काम करिते. साल नुकतीच सुटून लोंबत असेल व आंतील भाग ओला असेल, तर ती लगेच जागेवर बसवून, ओल्या गोणपाटानें बांधिली असतां कधीं कधीं चिकटते. एक दिवस गेला कीं उपयोग नाहीं. जुन्या जखमेचे फाटके कांठ धारदार चाकूनें साफ करावे. डांबर व रंग फासण्याची रीत फार पसरली आहे, पण शायगोच्या पाहणींत अशा लेपांनीं कुजणें थांबत नाहीं असेंच आढळलें. फासणाराच्या मनास समाधान वाटतें, एवढाच त्याचा गुण.

अंगणांतलें मोलाचें फळझाड चौफेर सोललें गेलें तर तें तोडण्याची घाई करूं नये. त्यास सेतूकलम करतां येतें. त्याच झाडाच्या किंवा त्याच जातीच्या पेन्सिलीएवढ्या जाड, निरोगी काड्या घ्याव्या. त्या जखमेपेक्षां थोड्या लांब असाव्या. दोन्ही टोंकें तिरपीं छाटून एक टोंक जखमेच्या खालच्या सालीखालीं व दुसरें वरच्या सालीखालीं सरकवावें. काडीची मूळची वरची बाजू वरच राहिली पाहिजे. उलटी बसविल्यास ती जगत नाहीं. बारीक खिळ्यानें बसवून मेणानें सांधे बंद करावे. सभोंवार दोन-दोन, तीन-तीन इंचांवर अशा काड्या लाविल्या म्हणजे त्यांतून अन्न खालीं उतरूं लागतें, आणि कांहीं वर्षांत त्या जाड होऊन एकमेकींस भिडतात. साल सहज सुटते अशा रसाच्या दिवसांतच हें काम साधतें. लूकच्या तेराव्या अध्यायांतील माळ्यानें अंजिरासाठीं आणखी एक वर्ष मागून घेतलें होतें; तितका धीर ज्याच्यापाशीं आहे त्यानेंच हें करावें.

शाळेंत किंवा शब्बाथशाळेंत हा पाठ घेणारांस एक सूचना. छाटणींत जाणारच आहेत अशा पेरूच्या दोन सारख्या फांद्या छाटणीपूर्वीं तीन महिने निवडाव्या. एकीवरील बोटभर रुंद साल गोल काढावी. दुसरीवरील तितकीच रुंद साल अर्ध्या घेरापुरतीच काढावी. मुलांनीं दर रविवारीं उपासनेनंतर दोऱ्यानें कापाच्या वरचा व खालचा घेर मोजून पाटीवर लिहावा, पानांचा रंग पाहावा, आणि कोणत्या कांठावर फुगवटा येतो तें स्वतः शोधावें. उत्तर आधीं सांगूं नये. तीन महिन्यांनीं फांद्या कापून, करवतीनें त्यांचे आडवे छेद घेऊन ते मंडळीपुढें ठेवावे, व मोठ्या माणसांनींही त्यांवरून हात फिरवून पाहावा.